पोहोच घेतल्याशिवाय पायरी उतरू नका



गेल्या महिन्यात आपल्यातल्याच एका काकूंच्या गळ्यातली पोत भर सकाळी हिसकावली. दूध आणायला निघाल्या होत्या. मोटरसायकलवर दोघं आले, मागच्याने हात घातला, काकू पडल्या, कोपर सोलवटलं. चोऱ्या काय, होतच असतात. मला खटकलं ते पुढचं. काकू पोलीस ठाण्यात गेल्याच नाहीत. "जाऊन काय होणारे? मलाच विचारतील, एवढं सोनं घालून निघालात कशाला," असं म्हणून त्यांनी कोपराला हळद लावली आणि स्वयंपाकाला लागल्या. तिथे जमलेल्या पंधरा-वीस जणांपैकी एकानेही "चला, मी येतो तुमच्याबरोबर" असं म्हटलं नाही. त्या पंधरा-वीस जणांत मीही होतो.

त्याच रात्री आम्ही सात-आठ जण वाचनालयाच्या ओट्यावर बसलो आणि हे पत्रक लिहायचं ठरलं.

आधी माझं स्वतःचं सांगतो, म्हणजे मी वरच्या पायरीवर उभा राहून बोलतोय असं वाटणार नाही. तीन वर्षांपूर्वी आठवडे बाजारात खिशातून माझा फोन मारला. ठाण्यात गेलो (कुठल्या, ते सोडा). ठाणे अंमलदारांनी कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "लिहा, मोबाईल गहाळ झाला."

"गहाळ नाही साहेब, चोरला."

"चोरताना पाहिलंत का?"

"पाहिलं असतं तर जाऊ दिला असता का?"

ते हसले, मीही हसलो. आणि मग मी मुकाट्याने "गहाळ" असंच लिहून दिलं. सिम कार्ड बंद करून नवं घ्यायला शिक्क्याचा कागद हवा होता आणि दुपारची ड्यूटी गाठायची होती. गहाळ म्हणजे काय, तर गुन्हाच नाही. नोंदवहीत चोरी नाही, मग तपास नाही, आणि वर्षअखेरीच्या आकड्यांत आपला बाजार एकदम सोज्वळ. नव्या कायद्यात पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र धरली आहे हे खरं, पण माझा फोन चौदा हजारांचा होता. त्या एका शब्दावर मी सही केली. आजही त्या गल्लीत कुणी "इथे फोन जातात हो" म्हटलं की मला तो कागद आठवतो.

दुसरं त्याहून वाईट. मुलीच्या पासपोर्टच्या पडताळणीला आलेल्या शिपायाने काहीच मागितलं नव्हतं. "बाकी काय म्हणता?" एवढंच म्हणाला. मीच पाचशेची नोट काढली. पडताळणीसाठी पोलिसांना काही द्यायचं नसतं हे मला ठाऊक होतं. पोलीस खातात म्हणून बोटं मोडणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी असं न मागता वाढलेलं आहे, ते ज्याचं त्याने मनात मोजावं.

पण काकूंची भीती खोटी आहे असं कुणी म्हणू नये. नोव्हेंबर महिना आला की मला दोन गोष्टी एकदम आठवतात. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीला सातारा जिल्ह्यातल्या केडंब्याचे पोलीस तुकाराम ओंबळे यांनी दहशतवादी कसाबच्या रायफलीची नळी दोन्ही हातांनी धरली. सोडली नाही. म्हणून तो जिवंत सापडला आणि कोर्टात उभा राहिला. आणि नऊ वर्षांनी, नोव्हेंबर 2017 मध्ये, सांगलीत एका तरुणाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. मृतदेह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळला, आणि आरोपी पळून गेला असं सांगितलं गेलं. गणवेश तोच, महाराष्ट्र पोलीसच, बोधचिन्हावर "सद्रक्षणाय खलनिग्रहणाय" हेही तेच. ठाण्याची पायरी चढताना समोर यांतलं कोण भेटेल हे माणसाला कळत नाही. लोकांचा अविश्वास म्हणतात तो हाच, या न कळण्याचा. निदान मला तरी तसं वाटतं.

बदलापूरचं तर आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे घडलं. ऑगस्ट 2024. बालवाडीतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला, आणि त्यांच्या आईवडिलांना गुन्हा नोंदवायला कित्येक तास ठाण्यात ताटकळत बसावं लागलं. 20 ऑगस्टला हजारो माणसं रुळांवर उतरली, दिवसभर गाड्या बंद. आपल्यातलेही बरेच जण त्या दिवशी मधल्याच स्टेशनात अडकले होते. दुपारनंतर लाठीमार झाला, दगड पडले. मला त्यातली एकच गोष्ट पुन्हा पुन्हा टोचते. ती फिर्याद पहिल्या तासाला लिहून घेतली असती, तर?

महिन्याभराने, 23 सप्टेंबरला, आरोपी पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मेला. त्याने पिस्तूल हिसकावलं, असं पोलिसांचं म्हणणं. त्या रात्री पेढे वाटले गेले, फलक लागले. महिनाभरापूर्वी ज्यांच्यावर आपला काडीचा विश्वास नव्हता, त्यांनाच आपण न्यायाधीशही करून टाकलं, जल्लादही. पुढे जानेवारी 2025 मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल उच्च न्यायालयात आला, त्यात पाच पोलिसांना जबाबदार धरलं होतं. तेव्हा पेढेवाल्यांपैकी कुणी काही बोललं नाही. हे लिहिल्याबद्दल काहीजण माझ्यावर चिडतील. चिडोत. गाडीतल्या गोळीला टाळ्या वाजवल्या की उद्या ठाण्यातल्या पट्ट्याविरुद्ध बोलायला आपल्याला तोंड उरत नाही. शिवाय कोर्टात सिद्ध व्हायला हवं होतं ते कायमचं अर्धवट राहिलं, त्या दोन मुलींसाठीसुद्धा.

आता मागणं काय, ते सांगतो. सोपं आहे: कुणालाही ठाण्याची पायरी एकट्याने चढू देऊ नका, आणि हातात कागद आल्याशिवाय उतरू नका.

कागद म्हणजे कोणता, यात लोक फार फसतात. "एनसी" लिहून दिली की माणूस समाधानाने घरी येतो, तक्रार झाली म्हणून. एनसी म्हणजे अदखलपात्र. दंडाधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय पोलीस तिचा तपासच करू शकत नाहीत. पोत हिसकावणं दखलपात्र आहे, तिथे एफआयआरच हवा. गुन्हा दखलपात्र असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2013 मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 लक्षात ठेवा. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतली असली तरी झिरो एफआयआर घ्यावाच लागतो, तेव्हा "ते नाल्यापलीकडचं आहे, तिकडे जा" हे उत्तर चालत नाही. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या काही गुन्ह्यांत आधी चौदा दिवस प्राथमिक चौकशी करायची मुभा मात्र पोलिसांना आहे. ती परवानगी वरिष्ठांकडून घ्यावी लागते, म्हणून तसं सांगितलं तर परवानगी झाली का, एवढं विचारा.

आणि नाहीच लिहून घेतलं तर? हुज्जत घालू नका. आपलं म्हणणं साध्या कागदावर लिहा, दोन प्रती करा, एक आवक टपालात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. ही पोहोच. तीही देत नसतील तर पोस्टात जाऊन पोलीस अधीक्षकांच्या नावे पाठवा. आपल्याकडे आयुक्तालय आहे, म्हणून पोलीस उपायुक्तांच्या नावे. त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जायची वाट त्याच कलमात आहे. बलात्कारासारख्या गुन्ह्याची खबर नोंदवून घेतली नाही, तर त्या अधिकाऱ्यालाच सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी होऊ शकते. भारतीय न्याय संहितेचं कलम 199. हे वाक्य तिथे ओरडून म्हणायची गरज नसते, कलमाचा आकडा अर्जात लिहिला तरी पुरे.

कागदाने काय होतं, असं विचारणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होतं, एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडून दिलं. मुलीने आरडाओरडा केला नाही, अंगावर जखमा नाहीत, असा तो विचार. 1979 मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी, उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार यांनी, सरन्यायाधीशांना एक खुलं पत्र लिहिलं. त्या पत्रावरून देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा गुन्हा ठरला.

पोलिसांविरुद्धच तक्रार असेल तर तीही करता येते, आणि ती त्याच ठाण्यात करायची नसते. प्रकाश सिंग खटल्यात 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना पोलीस तक्रार प्राधिकरणं नेमायला सांगितलं. आपल्याकडे 2014 मध्ये महाराष्ट्र पोलीस कायद्यात ती तरतूद आली. आठ वर्षं लागली, हे विसरू नका. कोठडीतला मृत्यू, गंभीर मारहाण, नियम डावलून अटक, खंडणी, जमीन बळकावणं, असल्या तक्रारी तिथे जातात. लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे. ठाण्यांत कॅमेरे असावेत आणि चित्रण निदान वर्षभर राखावं, असा 2020 चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. म्हणून ठाण्यात काही वावगं घडलं तर तारीख, वेळ आणि कुठल्या खोलीत ते त्याच दिवशी लिहून ठेवा. चित्रण जपून ठेवा, असा अर्ज लगेच द्या. सहा महिन्यांनी मागितलं की कॅमेरा नेमका नादुरुस्त असतो.

घरातल्या कुणाला बोलावणं आलं तरी गोंधळू नका. साठीच्या वरच्या माणसाला आणि कुठल्याही वयाच्या बाईला साक्षीदार म्हणून ठाण्यात यायची सक्ती नाही, जबाब घरी येऊन घ्यावा लागतो. अटक झाली तर कारण सांगायला हवं, घरच्यांना कळवायला हवं आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायला हवं. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी. हा पट्टीचा नियम 1996 पासून, डी. के. बसू खटल्यापासून चालत आलेला आहे.

हे वाचून कुणाला वाटेल की आम्ही पोलिसांवर चाल करून निघालोय. तसं असतं तर भिवंडीचं नाव घेतलं नसतं. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी होरपळलेलं ते गाव. 1988 मध्ये तिथे सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि मोहल्ल्या-मोहल्ल्यात समित्या बसवल्या, हिंदू-मुसलमान शेजारी-शेजारी आणि त्यांच्यात एक पोलीस. नळावरचं भांडण, मिरवणुकीचा रस्ता, भोंग्याचा आवाज, सगळं तिथेच बोललं जाई. हवालदाराला गल्लीतली माणसं नावाने ठाऊक झाली आणि गल्लीला हवालदार. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. एवढं होऊनही तो धडा फार ठिकाणी गिरवला गेला नाही. शांतता समितीच्या नावाखाली आज जे चालतं ते म्हणजे सणाच्या आदल्या दिवशी पुढाऱ्यांना चहा-बिस्किटं. तिथे आपल्यातल्या काकूंना कुणी बोलावत नाही.

पोलिसांचंही एक ऐकून घ्या. बारा-बारा तास ड्यूटी, वर बंदोबस्त, गणपतीत रजा नाही. आठ तासांच्या पाळीची कल्पना 2016 मध्ये मुंबईतल्या देवनार ठाण्यातल्या एका शिपायानेच मांडली आणि तिथे ती करून दाखवली. आपल्या बीट अंमलदाराचं नाव आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल? ओट्यावर त्या रात्री आठांपैकी एकाला येत होतं, तेही अंमलदारांची मुलगी त्याच्या शाळेत आहे म्हणून. पंचनाम्याला पंच लागतात तेव्हा आपण खिडक्या लावून घेतो, नंतर खटला पडला की पोलिसांनी पैसे खाल्ले म्हणतो. आणि कुणा पोलिसाची अर्धी चित्रफीत आली की पुढचं-मागचं न बघता ढकलून देतो. निदान मूळ कुणी घेतली, कधीची, एवढं विचारा.

येत्या रविवारपासून दर रविवारी सकाळी दहा ते साडेअकरा आम्ही वाचनालयाच्या ओट्यावर बसणार आहोत. आमच्यात एक निवृत्त शिरस्तेदार आहेत, एक वकिलीला नुकतीच लागलेली मुलगी आहे, बाकीचे तुमच्यासारखेच. अर्ज लिहून देऊ, ठाण्यात बरोबर येऊ. पैसे नाहीत, पक्ष नाही. बाहेर बसून मांडवली करून देणारे जे आहेत, त्यांना आमच्याकडे काम नाही. खोटी फिर्याद घेऊन येणाऱ्यांनाही नाही. बीट अंमलदारांनाही निमंत्रण दिलं आहे. जमेल तसं येईन म्हणाले.

2 जानेवारीच्या आठवड्यात पोलीस स्थापना दिनानिमित्त ठाण्यात शाळेच्या मुलांना बंदुका दाखवतात. या वेळी मुलांबरोबर आपण मोठ्यांनीही जायचं ठरवलं आहे. बंदुका मुलं बघतील. आपण आवक टपालाचं टेबल कुठे आहे ते बघून येऊ.

काकू या रविवारी येणार आहेत. उशीर झालाय, पण उशिरा दिलेली फिर्यादही घ्यावी लागते, उशिराचं कारण तेवढं लिहायचं. येणाऱ्यांनी घटना कधी, कुठे आणि कुणासमोर घडली, ते आठवेल तसं लिहून आणावं. येत नसेल तर नुसतं या, लिहायला आम्ही आहोत. कार्बन पेपरही आणून ठेवला आहे.

पूर्वेकडच्या शेजाऱ्यांच्या वतीने,
आपल्यातलाच एक