घराचे रुग्णालय झाले, कायदा कुठे आहे?

२०२० च्या कोरोना साथीत रुग्णालयात खाटा मिळेनात, तेव्हा शहरांत घरीच ऑक्सिजन, सलाईन, व्हेंटिलेटर लावून देण्याचा धंदा जोमात वाढला. साथ ओसरली, धंदा राहिला. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला घरी उपचार मिळावेत, याला आमचा विरोध नाही. आमचा सवाल एवढाच की, यावर देखरेख कोणाची?

महाराष्ट्रात खाजगी रुग्णालयांना १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागू आहे. त्यातील व्याख्या जागेला धरून आहे : रुग्ण ठेवून घेऊन उपचार करण्याची वास्तू. २०२१ च्या सुधारित नियमांनी दरपत्रक लावणे आणि रुग्ण हक्क सनद पाळणे बंधनकारक केले. पण रुग्णाचे राहते घर शुश्रूषागृह ठरत नाही. खाट घरात गेली की नोंदणी, तपासणी, दरपत्रक सारे उंबऱ्याबाहेर राहते. डॉक्टर व परिचारिकांची नोंदणी परिषदेकडे असते हे खरे. पण ती व्यक्तीची, सेवा विकणाऱ्या कंपनीची नव्हे. उरतो ग्राहक आयोगाचा दरवाजा, तोही नुकसान झाल्यावर ठोठावायचा!

अमेरिकेने नोव्हेंबर २०२० मध्ये मेडिकेअरखाली अशा सेवेला परवानगी देताना अटी घातल्या. रोज किमान दोनदा प्रत्यक्ष भेट, आणीबाणीत तीस मिनिटांत मदत आणि जबाबदारी रुग्णालयाचीच. भांडवलशाही देशाला जे सुचते, ते कल्याणकारी म्हणवणाऱ्या राज्याला का सुचू नये?

हा श्रीमंतांचाच प्रश्न, असे कोणी समजू नये. ब्युरोतून बारा तासांच्या पाळीवर येणारी ‘मावशी’ आमच्याच वस्तीतली असते. नर्सिंगचे शिक्षण नसताना तिच्या हाती नळ्या आणि सुया दिल्या जातात. चूक झाली तर बोट तिच्याकडेच. १९४६ मध्ये मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी कारखान्यातील कामाचे तास कमी करणारे विधेयक आणले. घराच्या भिंतीआड राबणाऱ्या बाईच्या तासांना आजही कोणी विचारत नाही. आणि त्या घरातली वापरलेली सुई ओल्या-सुक्या कचऱ्यातून शेवटी टोचते ती सफाई कामगाराच्या हाताला. तो हात कोणत्या समाजाचा, हे सांगायला हवे का?

गरिबाला तर दुहेरी मार आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ अंगीकृत रुग्णालयातच मिळतो. उद्या खाट मोकळी करण्यासाठी ‘पेशंट घरी न्या’ म्हटले, तर दहा बाय बाराच्या खोलीत मशीन ठेवायचे कुठे आणि भाडे भरायचे कोणी?

म्हणून शासनाने नियम करावेत. कंपनीची नोंदणी, जाहीर दर, जबाबदार डॉक्टरचे नाव, आणीबाणीत रुग्णालयात दाखल करण्याची हमी, मदतनिसाला प्रशिक्षण व किमान वेतन, सुया परत नेण्याची सक्ती. आणि रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय कोणालाही घरी पाठवू नये. घटनेच्या ४७ व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य मानले आहे. ते कर्तव्य रुग्णाच्या उंबऱ्यापाशी संपत नाही.