खोक्याचें मोल

आमच्या नातवानें मुरबाडच्या एका परिचितांकडून जुना व्हिडिओ गेम विकत घेऊन शहापुरास आणला. त्याचें पुठ्ठ्याचें खोकें व माहितीपुस्तिका निरुपयोगी समजून आम्हीं रद्दींत घातलीं. मुलगा दोन दिवस आमच्याशीं बोलला नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्यानें जी हकीकत सांगितली, ती ऐकून आम्ही खजील झालों.

निंटेंडोनें १९९० सालीं काढलेल्या 'स्टारट्रॉपिक्स' या खेळाबरोबर एक कागदी पत्र येई. खेळ रंगांत आला म्हणजे तें पाण्यांत भिजवावयाचें. मग त्यावर ७४७ ही गुप्त संख्या उमटे. पत्र हरवलें, कीं जुना खेळ घेणाराची वाट तेथेंच खुंटे.

तेलापाण्यापासून व सैल बांधणीपासून मला जपा, अशी विनवणी जुने लेखक पोथीच्या अखेरीस लिहून ठेवीत. आम्हीं हें जन्मभर शिकविलें आणि घरांत मात्र विसरलों!

वाचकहो, आपल्याकडील पावसाळ्यांत पुठ्ठ्यास ओल व कसर लौकर लागते. खोकें भिंतीपासून दूर, कोरड्या फडताळांत ठेवावें. पुस्तिका आडवी ठेवावी. फाटल्या जागीं चिकटपट्टी लावूं नये. आणि मुलांची वस्तु त्यांस विचारल्यावांचून टाकूं नये, हें आम्हां वडीलधाऱ्यांनीं प्रथम शिकावें.