रिकामा संगणक, चालता मीटर

शहापूर-मुरबाडच्या व्यापारी घरांतील संगणक जीएसटीच्या नोंदी आटोपल्या की रिकामाच असतो. बर्कले येथे घडलेली ‘बॉइंक’ ही मोफत प्रणाली बसविल्यास तो वेळ संशोधनास देता येतो. त्यासाठी ग्राफिक्स कार्ड विकत घ्यावे काय? प्रोसेसर हा मुरलेला मुनीम. कसलाही गुंतागुंतीचा हिशेब तो उलगडतो. कार्ड म्हणजे एकाच साच्याची आकडेमोड एकदम करणारे शेकडो कारकून. ‘रोझेटा अ‍ॅट होम’ची प्रथिनरचनेची कामे प्रोसेसरवरच चालतात, तेथे महागडे कार्ड नुसते बसून राहील. ‘आइन्स्टाइन अ‍ॅट होम’ला पल्सार ताऱ्यांच्या शोधात मात्र कार्ड फार उपयोगी पडते. १५० वॅटचे कार्ड रोज ८ तास चालले तर महिन्यास ३६ युनिट वीज लागते. आणि घरगुती वापर १०० युनिटांपुढे गेला की महावितरणचा दर चढतो. मुलाच्या खेळासाठी कार्ड आधीच घेतलेले असेल, तर ते अवश्य जुंपावे. केवळ या सेवेसाठी नवे घेऊ नये. आहे तो प्रोसेसर पुरेसा आहे.