शेवटची गाडी

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. ग्रूपमधल्या बऱ्याच जणांना ते अजून पटलेलं नाही, म्हणून हा लेख.

दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही दहा गाड्या घेऊन ताम्हिणीला निघालो. पहाटे साडेपाचला चांदणी चौकात भेटायचं ठरलं होतं. (२०२२ मध्ये तिथला जुना पूल पाडल्यापासून 'चांदणी चौकात भेटू' म्हणणं म्हणजे विनोदच आहे. तीन जण तीन वेगवेगळ्या रॅम्पवर उभे.) पौड, मुळशी, ताम्हिणी, खाली विळे आणि जेवायच्या वेळेपर्यंत परत असा साधा बेत. रस्ता पाठ असल्यामुळे पुढे मी. सगळ्यात मागे आमचा सगळ्यात नवा मेंबर, १५० सीसीची गाडी, ग्रूपबरोबर पहिलीच राइड. त्याला मागे कोणी ठेवलं? कोणीच नाही. तो भिडस्त, म्हणून आपोआप मागे राहिला.

त्या दिवसांत मुळशीत भातकापणी चालू असते. हवेला ओल्या पेंढ्याचा वास, धरणाच्या पाण्यावर धुकं, आणि हेल्मेटची काच वर केली की डोळ्यांतून पाणी. या रस्त्यावर मी गेली कित्येक वर्षं जातोय, पण मुळशी सत्याग्रहाबद्दल मी फार उशिरा वाचलं. १९२१ साली याच खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. आपण ज्या सेनापती बापट रस्त्यावर सिग्नलला शिव्या घालत ऑफिसला जातो, त्या बापटांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. धरण झालंच. पूर्वेला वाहणारं पाणी अडवून पश्चिमेला भिऱ्याच्या वीजघरात सोडलं, वीज मुंबईला गेली. भिऱ्याहून सुटणाऱ्या त्याच पाण्यावर आज कोलाडला आपली कंपनी टीम-आउटिंगचं राफ्टिंग करते. म्हणजे शहराने या खोऱ्यातून काहीतरी घेऊन जायचं हे शंभर वर्षं चालूच आहे. असो, विषय गाड्यांचा आहे.

एका गावातून आम्ही तीसच्या वेगाने शिस्तीत गेलो. शेवटचं घर मागे पडलं आणि मी मूठ पिळली. पुढे तीनचार किलोमीटरवर चहाला थांबलो. एकेक गाडी आली. नऊ झाल्या. एकाने फोटोसाठी सगळ्यांना उभं केलं. दहावा येईलच म्हणून आम्ही हसत उभे. दहा मिनिटांनी फोन वाजला, अनोळखी नंबर.

गावाच्या पुढच्या वाडीत, वळणावर, रस्त्यावर पेंढा पसरलेला होता. मधे एक आजी म्हैस घेऊन चाललेल्या. पोराने ब्रेक दाबला, पेंढ्यावर मागचं चाक सरकलं, तो एकीकडे आणि गाडी दुसरीकडे. गाडी घसरत आजींच्या पायापासून हातभर अंतरावर थांबली. ते हातभर अंतर मी स्वतः पाहिलं, डांबरावर ओरखडा होता. पोराचं मनगट मोडलं. म्हैस बिथरून दोर तोडून शेतात. आम्ही पोचलो तर आजी त्याला तांब्यातून पाणी पाजत होत्या आणि आम्हाला बघून म्हणाल्या, "तुम्ही म्होरं निघून गेला व्हय? ह्याला टाकून?" मग थोड्या वेळाने, म्हशीकडे बघत, "सांजच्याला पान्हा चोरंल आता ती."

संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर निकाल लागला: नवीन पोरगा, कंट्रोल नाही, याला अजून हायवेची सवय हवी.

मी त्याला विचारलं, एवढी का ओढलीस? तो म्हणाला, "दादा, पुढची गाडी दिसेनाशी झाली."

रात्री मी कागद घेऊन बसलो. (सवय. दुसरं काही येत नाही :) ) दहा गाड्या, प्रत्येकीत दोन सेकंदांचं अंतर, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या गाडीत १८ सेकंद. तासाला ३० किमी वेगाने १८ सेकंद म्हणजे १५० मीटर. म्हणजे मी गावाबाहेर पडून मूठ पिळली तेव्हा तो अजून १५० मीटर गावातच होता, कोंबड्या आणि पोरांच्या मधे. आता सगळे सत्तरवर आले की तेच १८ सेकंद होतात ३५० मीटर. वेळेच्या हिशेबाने तो एक सेकंदही मागे पडलेला नाही. पण डोळ्याला सेकंद दिसत नाहीत, अंतर दिसतं. त्याला दिसलं की आपण २०० मीटर मागे पडलो, आणि वळणापलीकडे तर कोणीच नाही. ते २०० मीटर भरून काढायला त्याने नव्वदने चालवली तर ३६ सेकंद लागणार, म्हणजे ९०० मीटर तो एकटा, नवखा, नव्वदवर. त्या ९०० मीटरमध्ये ती वाडी होती. आणि सत्तरऐवजी नव्वद म्हणजे गाडी थांबवायला दीडपटीहून जास्त ऊर्जा जिरवायची. पेंढ्यावर.

आमच्या धंद्यात सरासरी रिस्पॉन्स टाइम कोणी विचारत नाही, सगळ्यात हळू रिक्वेस्टला किती वेळ लागला ते बघतात. सोमवार ते शुक्रवार हे मी दुसऱ्यांना ऐकवतो. रविवारी मात्र आरशात बघितलं नाही.

उपाय काय? माझं मत असं की गाव संपल्यावर पुढच्याने आणखी वीस सेकंद तीसवरच राहायचं. बस. मोठ्याने आकडे मोजायचे, हेल्मेटमध्ये कोण ऐकतंय. यावर ग्रूपमध्ये ओरड झाली की असं केलं तर विळ्याला पोचायला दुपार होईल. मोजून दाखवलं: एका गावामागे साधारण ११ सेकंद जातात. बारा गावं धरली तरी अडीच मिनिटं होत नाहीत. आपण चहाला अर्धा तास थांबतो राजेहो!

दुसरं, नवा माणूस मागे नाही, पुढच्याच्या लगेच मागे. शेवटी सगळ्यात अनुभवी, ज्याला कोणाला गाठायची खाज नाही असा. आणि प्रत्येकाने आपल्या मागच्याची जबाबदारी घ्यायची: आरशात तो दिसेना तर हळू व्हा, वळणावर थांबा. मग पुढची गाडी दिसेनाशी झाली म्हणून घाबरायचं कारणच उरत नाही.

"मग मजा काय राहिली?" हा प्रश्न एका जुन्या मित्राने विचारला आणि तो अगदीच चुकीचा नाही. घाटात गाडी झोकायची मजा मला माहीत आहे, नाहीतर पहाटे चारला उठलो नसतो. पण ती घाटातल्या मोकळ्या रस्त्यावर. वाडीतला रस्ता हे त्यांचं खळं आहे, अंगण आहे. भात तिथे आपल्या आधीपासून वाळतोय.

(ज्यांनी सायलेन्सरच्या आतली जाळी काढून टाकली आहे त्यांच्याबद्दल वेगळं लिहीन. आत्ता एवढंच की म्हैस आमच्या पहिल्या नऊ गाड्यांच्या आवाजाने आधीच बिथरलेली होती, हे आजींनीच सांगितलं.)

पोराचं प्लास्टर सहा आठवड्यांनी निघेल. गाडीचा हँडल सरळ करून आणलाय, आरसे नवे टाकले, खर्च मी दिला, तो नको म्हणत होता. पुढच्या वेळी तो दोन नंबरला. आजींकडे काल जाऊन आलो, एकटाच. म्हशीने दोन दिवस दूध कमी दिलं म्हणाल्या. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. आंबेमोहोराचे तांदूळ विकता का विचारलं, तेव्हा मात्र भाव करून पाच किलो दिले.