असेंब्लीतली लाल खूण

कॅडमध्ये सुटे भाग जोडून असेंब्ली उभी करताना एखादा जोड बसला नाही की सॉफ्टवेअर लाल खूण दाखवते. ती घालवायच्या दोन पळवाटा शिकणाऱ्याला लवकर सापडतात. एक, तो जोड, म्हणजे ‘मेट’, काढून टाकायचा. दुसरी, भाग दिसायला बरोबर जागी आणून तिथेच ‘फिक्स’ करायचा. चित्र छान दिसते, गुणही मिळतात. पण लाल खूण बहुतेक वेळा डिझाइनमधला न सुटलेला प्रश्न दाखवत असते, आणि तो वाचायला न शिकवणे ही आपल्या कॅड शिक्षणाची मोठी उणीव आहे, असे माझे ठाम मत आहे.

मोकळ्या भागाला सहा हालचाली असतात: तीन सरकण्याच्या, तीन फिरण्याच्या. शाफ्ट बुशमध्ये ‘कॉन्सेंट्रिक’, म्हणजे समाक्ष, केला की चार जातात. खांदा टेकवला की सरकणेही थांबते आणि हवे तेवढे फिरणे उरते. आता दोन बोल्टची पट्टी घ्या. पृष्ठभाग टेकवला, पहिले भोक जुळवले, की फक्त त्या भोकाभोवती फिरणे राहते. दुसरे भोकही कॉन्सेंट्रिक केले तर सॉफ्टवेअर भोकांमधले अंतरसुद्धा तंतोतंत मागते. एका भागात ५० मिमी आणि दुसऱ्यात ५०.०२ असेल तर लाल खूण येणारच. कारखान्यात एम ८ बोल्टसाठी ९ मिमीचे भोक पाडतात, त्यामुळे तीच पट्टी विनातक्रार बसते. कॉन्सेंट्रिक मेटला मात्र असा वाव माहीत नसतो. फिक्श्चर करणारे म्हणूनच एक पिन गोल आणि दुसरी डायमंड ठेवतात. दुसरीने फक्त फिरणे अडवायचे. कॅडमध्येही दुसऱ्या भोकाऐवजी कडा समांतर केल्या की काम होते. शिवाय सॉफ्टवेअर अनेकदा शेवटी दिलेल्या मेटला दोषी धरते आणि मूळ चूक आधीच्या मेटमध्ये असते. म्हणून एकेक मेट तात्पुरता बंद करून, भाग ओढून, कोणती हालचाल उरली हे पाहावे लागते.

दोष सॉफ्टवेअरचाच आहे, असे कोणी म्हणेल. काही अंशी ते खरे आहे. आधीचा आकार बदलला की पृष्ठभागांचे अंतर्गत क्रमांक सरकतात आणि मेट भलत्याच जागी चिकटतो. फ्रीकॅडचे वापरकर्ते वर्षानुवर्षे याने बेजार होते. नोव्हेंबर २०२४ मधल्या १.० आवृत्तीत हा त्रास बराच कमी झाला. पण मेट एखाद्या फिलेटच्या, म्हणजे गोलवलेल्या कोपऱ्याच्या, कडेला बांधला आणि पुढे ते फिलेटच काढले, तर कुठलेही सॉफ्टवेअर तो वाचवणार नाही. मूळ प्रतले आणि अक्ष यांना बांधायचा निर्णय माणसाचाच असतो.

दुसरा आक्षेप वेगाचा: भोसरी-चाकणच्या लघुउद्योजकाला ड्रॉइंग आजच हवे असते. पण ग्राहकाने शाफ्ट २५ चा २८ मिमी करायला सांगितले की ‘फिक्स’ केलेले भाग हलत नाहीत, ते एकमेकांत घुसतात. तेव्हा लाल खूणही येत नाही. चूक थेट मशीनवर कळते, धातू कापून झाल्यावर. म्हणून प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षकाने विद्यार्थ्याच्या असेंब्लीतली दोन मापे बदलून ती पुन्हा बांधायला लावावी. वेळ नाही ही सबब इथे टिकत नाही, कारण याला दोन-चार मिनिटे पुरतात. असेंब्ली मोडली तर लगेच गुण कापू नयेत. कुठला मेट का तुटला हे शोधायला सांगावे आणि गुण त्या उत्तराला द्यावेत.