बंदी हवी, पण कोणावर?

भाद्रपद जवळ आला की पोलादपूर तालुक्यातील कुडपणसारख्या डोंगरी गावांतून अलीकडे एक कर्कश घरघर हटकून ऐकू येऊ लागते. चाकरमानी गणपतीला येण्यापूर्वी अंगणे, पाणंदी आणि देवळाकडच्या वाटा मोकळ्या करावयाच्या असतात. महाबळेश्वराला वर्षाकाठी दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. त्याच्या शेजारच्या या मुलखात श्रावण सरेतो गवत कमरेच्या वर जाते. ते विळ्याने कापणारे हात मुंबईला गेलेले आहेत. तेव्हा मागे राहिलेल्यांपैकी कोणी तरी खांद्याला पट्टा अडकवून पेट्रोलचा ग्रासकटर सुरू करतो आणि निळसर धुराचा एक ढग त्याच्याबरोबर बांधाबांधाने फिरू लागतो.

या धुराची दखल सातासमुद्रापलीकडे कायद्याने घेतली आहे. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्याने ऑक्टोबर २०२१ मध्ये कायदा करून २०२४ पासून हिरवळ कापणाऱ्या व पाने उडविणाऱ्या नव्या पेट्रोल यंत्रांच्या विक्रीचा मार्ग बंद केला. पाने उडविण्याची पेट्रोल यंत्रे वॉशिंग्टन शहरात १ जानेवारी २०२२ पासून वापरताही येत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा हिशेब असा की, असे व्यावसायिक यंत्र तासभर चालविले असता हवेत जी घाण मिसळते, ती एका नव्या मोटारीने सुमारे १,७७० किलोमीटर धावून केलेल्या घाणीइतकी भरते. मुंबईहून नागपूरला जाऊन परत येण्यापेक्षाही हे अंतर अधिक आहे. अर्थात ही तुलना उन्हात ओझोन बनविणाऱ्या वायूंपुरती आहे, एकूण धुराची नव्हे, हे ध्यानात ठेवावयास हवे. परंतु तेवढ्यानेही तिचे गांभीर्य कमी होत नाही.

एवढेसे यंत्र मोटारीला मागे टाकते, याचे कारण त्याच्या रचनेत आहे. यांतील बहुसंख्य यंत्रांत टू-स्ट्रोक इंजिन असते. त्याला वंगणासाठी वेगळी सोय नसल्याने तेल पेट्रोलातच मिसळावे लागते आणि तेही जळते. शिवाय जळलेला वायू बाहेर ढकलण्याचे काम आत येणारे ताजे मिश्रणच करीत असल्यामुळे त्याचा बराचसा भाग, कित्येकदा चौथ्या हिश्श्याहून अधिक, न जळताच बाहेर पडतो. एकेकाळी आपल्या रिक्षा आणि स्कूटरी याच इंजिनावर धावत. धूर मोजला जाऊ लागला तसे ते रस्त्यावरून हटले. १ एप्रिल २०२० पासून तर नव्या वाहनांना बीएस-६ चे कडक निकष लागू झाले. ग्रासकटरला मात्र ना नंबराची पाटी, ना पीयूसीचा दाखला. रस्त्यावरून हाकललेले इंजिन अशा रीतीने माणसाच्या खांद्यावर येऊन बसले आहे. कुडपणची हवा मोकळी असल्याने तिला एका यंत्राने काही होत नाही, हा युक्तिवाद म्हणूनच फसवा आहे. डोंगराला काही होत नसेल. पण चालविणाऱ्याचे नाक धुराड्यापासून हातभर अंतरावर असते आणि त्याच्या कानाशी शंभर डेसिबलच्या आसपासचा आवाज तासन्‌तास चाललेला असतो.

मग येथेही सरसकट बंदी घालावी काय? घाईने होकार देणाऱ्यांनी कोकणातील गवत म्हणजे काय, हे आधी समजून घ्यावे. कॅलिफोर्नियातील हिरवळ हा घराचा दागिना आहे. कुडपणच्या परिसरातील गवत ही गोठ्याची वैरण आहे, आणि कापले गेले नाही तर तेच वणव्याचे सरपण आहे. जेथे पूर्वी नाचणी-वरी होत असे ती वरकस जमीन आज माणसांअभावी पडीक राहते, तिच्यावर गवत माजते, आणि फाल्गुन-चैत्रात एका ठिणगीसरशी डोंगराचा डोंगर पेटतो. उभ्या काजूच्या-आंब्याच्या कलमांसकट सगळे राख करणारा तो धूर कोणत्या यंत्राच्या हिशेबात धरावयाचा? ग्रासकटर काढून घेतला तर विळा परत येणार नाही, काडेपेटी येईल.

पर्यायाविना केलेल्या बंदीचे दुसरे अंगही रायगड जिल्ह्याने पाहिले आहे. माथेरानात मोटारींना मज्जाव असल्याने तेथील हवा शुद्ध राहिली, हे खरे. पण ती शुद्धता हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या छातीवर उभी होती. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर चालविण्यास परवानगी दिली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये माणसाने माणसाला ओढण्याची ती प्रथा सहा महिन्यांत संपविण्याचा आदेश दिला. एवढी वर्षे पर्यटकांनी घेतलेल्या स्वच्छ श्वासाची किंमत भलत्यांनीच मोजली.

बंदीची खरी जागा अलिबागच्या फार्महाऊसांत, लोणावळ्याच्या बंगल्यांत, महाबळेश्वरच्या हॉटेलांत आणि शहरांच्या सार्वजनिक उद्यानांत आहे. तेथे गवत शोभेचे आहे, वीज हाताशी आहे, मालकाचा खिसा जड आहे, आणि धूर मात्र रोजंदारीवरचा माळी गिळतो. १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्याच्या १९ व्या कलमाने, घोषित क्षेत्रात मान्यताप्राप्त नसलेले उपकरण वापरण्यास मनाई करण्याचा अधिकार राज्य शासनाला दिलेला आहे. तो अशा ठिकाणी वापरावयास हरकत कोणती? वस्तुतः कॅलिफोर्नियानेही लोकांच्या हातातील जुनी यंत्रे हिसकावून घेतली नाहीत. बंदी नव्या विक्रीवर घातली, आणि एकट्याने काम करणाऱ्या माळ्यांना व छोट्या व्यावसायिकांना विजेची यंत्रे घेता यावीत म्हणून तीन कोटी डॉलर बाजूला काढले.

कुडपणला हवी आहे ती बंदी नव्हे, अदलाबदल. बॅटरीच्या यंत्राबद्दल खेड्यातून घेतले जाणारे आक्षेप खोटे नाहीत. ओल्या, जाड गवतात बॅटरी तासभरही टिकत नाही, पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस जाते, आणि दुरुस्तीसाठी महाड गाठावे लागते. परंतु जादा बॅटऱ्या ग्रामपंचायतीने वा बचतगटाने ठेवून भाड्याने दिल्या तर यातली निम्मी अडचण सरते. उरलेल्या निम्मीसाठी काही वर्षे फोर-स्ट्रोक यंत्र चालवून घ्यावे लागेल. आश्चर्य आहे ते शासनाचे. केंद्राच्या २०१४-१५ मध्ये सुरू झालेल्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून ब्रश कटर या नावाने याच यंत्रासाठी, साधारणपणे किमतीच्या चाळीस ते पन्नास टक्के, अनुदान दिले जात आले आहे. म्हणजे जो धूर रस्त्यावर दंडास पात्र ठरतो, त्यालाच बांधावर सरकारी तिजोरीतून मदत मिळते. अनुदानाच्या यादीतून टू-स्ट्रोक यंत्र वगळून बॅटरीच्या यंत्राचा वाटा वाढवावयाचा असेल तर त्यासाठी विधिमंडळाची बैठक लागत नाही, न्यायालयाचा आदेश लागत नाही. मार्गदर्शक सूचनांतील एका ओळीची दुरुस्ती पुरते, आणि ती पुढच्या पावसाळ्याआधीही होऊ शकते.