किनाऱ्यावरची मोजदाद आणि कड्याचे दप्तर

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ज्युलिया पॅरिश या समुद्रपक्ष्यांच्या अभ्यासक विदुषीने 1999 साली जो उपक्रम आरंभिला, त्याची हकीकत प्रथम ऐकणाऱ्यास किंचित बीभत्सच वाटावी. पक्षिशास्त्राचा गंधही नसलेल्या सामान्य नागरिकांनी दरमहा आपापल्या वाट्याचा समुद्रकिनारा पायी चालून जावा आणि लाटांनी आणून टाकलेले मृत पक्षी मोजावेत, एवढेच ते काम. पक्षी कुजलेला असो वा कोल्ह्या-कावळ्यांनी खाल्लेला असो, पाय बहुधा शाबूत राहतो. म्हणून ओळख पटविण्यास पायाच्या बोटांपासून आणि त्यांमधील पडद्यापासून आरंभ करावयाचा, मग चोच व पंख यांची लांबी पट्टीने मोजावयाची, छायाचित्र घ्यावयाचे, आणि तेच कलेवर पुढल्या फेरीत पुन्हा हिशेबात येऊ नये म्हणून त्यास प्लॅस्टिकचे रंगीत बंध बांधून ठेवावयाचे. नोंदींची रुजवात पुढे तज्ज्ञ मंडळी छायाचित्रांवरून करतात.

या नीरस मोजदादीचे मोल 2015-16 च्या हिवाळ्यात प्रत्ययास आले. कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंतच्या किनाऱ्यांवर मर नावाच्या काळ्यापांढऱ्या समुद्रपक्ष्याची सुमारे 62,000 कलेवरे आढळली. प्रशांत महासागराचे पाणी असाधारण तापले, पक्ष्यांच्या भक्ष्याचा तुटवडा पडला आणि ते उपासमारीने मेले, असा निष्कर्ष निघाला. पण किनाऱ्यावर मेलेले पक्षी तर दर हिवाळ्यात सापडतातच; यंदाचे मरण नेहमीचे नव्हे, हे छातीठोकपणे सांगता आले ते आधीची कित्येक वर्षे कोणीतरी पावसापाण्यात जाऊन नेहमीचे मरण किती, हे लिहून ठेविले होते म्हणून. माझ्या मते पॅरिशबाईंच्या कारकीर्दीचे मर्म येथेच आहे. नित्याची नोंद ज्यांच्यापाशी नाही त्यांना अघटित ओळखता येत नाही, आणि नित्याची नोंद ठेवण्याइतका अवकाश कोणत्याही विद्यापीठाच्या पगारी नोकरवर्गापाशी कधीच नसतो.

आपल्याकडे या विद्येची परंपरा जुनी आहे. राष्ट्रसभेचे एक संस्थापक म्हणून आपण ज्यांस ओळखतो ते ॲलन ह्यूम सरकारी कचेऱ्यांतून काम पाहत असताना देशभर विखुरलेल्या पत्रलेखकांकडून पक्ष्यांची माहिती मागवीत, आणि 1872 पासून ती आपल्या नियतकालिकात छापीत. मुंबईचे हुमायून अब्दुलअली हे तर पेशाने व्यापारी. परंतु वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातील खडकांवर जाऊन तेथील सुरय आणि पाकोळ्या यांच्या वसाहतींचे वर्णन त्यांनी 1942 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध केले, आणि पुढे मुंबई राज्याच्या 1951 च्या वन्य पशुपक्षी संरक्षण कायद्यामागेही त्यांचेच परिश्रम होते. त्याच खडकांवरील पाकोळ्यांची लाळेने बांधलेली घरटी चोरून विकली जातात हे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी यांनी 2001 साली उघडकीस आणले, तेव्हा साठ वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याने हौसेने लिहिलेला कागद संदर्भास उपलब्ध होता.

आता कोणी म्हणेल, की आमच्या कडा या गावास आणि समुद्रास काय देणेघेणे? आष्टी तालुक्याच्या या पर्जन्यछायेत समुद्र येतो तो मेघरूपाने, तोही आढेवेढे घेत. परंतु आफ्रिकेतून अरबी समुद्र ओलांडून पावसाच्या आगेमागे येणारा चातक येथे येतो. आणि मध्य आशियाच्या गवताळ मुलखातून येणाऱ्या भोरड्यांचे थवे रब्बीच्या ज्वारीवर उतरतात तेव्हा माळ्यावर गोफण घेऊन उभा असलेला राखणदार शिव्याशापांसह त्यांच्या स्वागताला हजर असतो. भोरड्या यंदा उशिरा आल्या की लवकर, थवा मागल्या सालापेक्षा मोठा की लहान, कणसे दुधात असताना उतरल्या की भरल्यावर, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार? पण त्याचे ज्ञान त्याच्याबरोबरच जाते, कारण ते टिपून घेण्याची कोणास गरजच वाटत नाही. पीकपाहणीत ज्वारीचे क्षेत्र चढते; ज्वारीवर काय उतरले ते चढत नाही.

वस्तुतः यासाठी दप्तर कायद्यानेच निर्माण करून ठेविले आहे. 2002 च्या जैवविविधता अधिनियमान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोकांची जैवविविधता नोंदवही सिद्ध करावयाची आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 31 जानेवारी 2020 ही मुदत घालून दिली आणि कसूर झाल्यास दंडाची तंबी दिली, तेव्हा कुठे कागद हलले; परंतु तंबीने हललेला कागद मुदतीपुरताच हलतो. एकदाच तयार करून कपाटात ठेविलेली पक्ष्यांची यादी ही नोंद नव्हे. तीत साल नाही, तिथी नाही, शिवाराचे नाव नाही, पाहणाऱ्याचेही नाव नाही. मग दहा वर्षांनी तिची तुलना करावयाची ती कशाशी?

सामान्य माणूस चुकतो, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच पट्टी, छायाचित्र आणि रुजवात. तज्ज्ञाचे काम तेथे सुरू होते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निम्मी गावे रिकामी होतात ही आमच्या जिल्ह्याची खरी अडचण आहे, आणि भोरड्यांचा हंगामही नेमका तोच. तेव्हा ही वही शाळेत असावी, मागे राहिलेली मुले व म्हातारीकोतारी यांच्या सांगण्यावरून शिक्षकाने ती भरावी, आणि समितीने दरसाल ग्रामसभेत तिचे वाचन करावे, असे मी सुचवीन. यास मोठ्या तरतुदीचे प्रयोजन नाही.

एक अट मात्र कडक हवी. पॅरिशबाईंचे स्वयंसेवक ज्या महिन्यात एकही कलेवर सापडत नाही त्या महिन्याचाही कागद भरून पाठवितात, कारण शून्य हीदेखील मोजणीच आहे. आमच्या कचेऱ्यांत "निरंक" अहवाल सर्वांत सोपा, जागेवरून न उठता धाडता येणारा. या वहीत मात्र निरंक लिहावयाचे तर आधी सगळी शीव पायी फिरून यावे लागेल, आणि पहिली कुरबूर होणार ती बहुधा याच कलमावर.